रबरावरची जाड रेघ

मी स्वभावानं संशयी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वर करून मला ऐकवायला नको. दुधाची पिशवी फोडली की मी पहिल्यांदा हुंगते. भाजीवाला तराजू धरतो तेव्हा मी तराजूकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. भोपाळच्या नेहरू नगरात, आमच्या गल्लीत मला मागून 'जासूस दीदी' म्हणतात. हे मला माहीत आहे, कारण मी दाराआडून ऐकलंय.

त्या वर्षी आमच्या घरात कप फुटायला लागले. चार महिन्यांत पाच. मी कामवाल्या बाईंना फैलावर घेतलं. पेपर दिवस दिवस घडी न मोडता पडून राहायला लागला, तर पेपरवाला उशिरा टाकतो म्हणून त्याच्याशी भांडले. बाबांच्या स्कूटरला ओरखडे दिसले, तर समोरच्या बिऱ्हाडाशी बोलणंच टाकलं. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झालेली, आणि मी लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्यांवरही मला संशयच येतो.

गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी कागदपत्रांचं काम बघते. आमच्याकडे पत्रा कापणं, वाकवणं, जोडणं चालतं. त्या वर्षी आम्हाला जहाजांच्या दारांचं काम मिळालं. तटरक्षक दलाची गस्तीची जहाजं, किनाऱ्यापासून लांब खोल समुद्रात आठवडे आठवडे राहणारी. एकाच नकाशावरून अशी पाच-सहा जहाजं बांधतात, त्यांना मिळून एक 'क्लास' म्हणतात. आता भोपाळला समुद्र कुठला? आमचं पाणी म्हणजे तलाव. पण शिपयार्डचे एक इंजिनीअर काम समजावायला आले होते, ते म्हणाले, "मॅडम, एका क्लासची जहाजं सख्ख्या बहिणी असतात. पहिलीत जी चूक राहील ती सगळ्यांत उतरेल." हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. मला भ्यायला एवढं पुरतं.

दारं साधीच दिसतात. जहाजात पाणी शिरलं तर ते एका खोलीतून दुसरीत जाऊ नये म्हणून बसवलेली जाड पोलादी दारं. दाराच्या आतल्या बाजूला चारी कडांनी रबराची पट्टी, आणि चौकटीला पोलादाची बारीक धार. दार आवळलं की धार रबरात रुतते आणि पाणी अडतं. रुतते की नाही ते कसं बघायचं? खडूनं. धारेला खडू फासायचा, दार लावून ते घट्ट दाबणाऱ्या सहाच्या सहा दांड्या आवळायच्या, मग उघडायचं. रबरावर खडूची रेघ उमटते. चारी बाजूंनी अखंड असेल तर दार पास. जिथं तुटली तिथून पाणी येणार. एवढ्या मोठ्या जहाजाची गोष्ट शेवटी शाळेतल्या खडूवर येऊन थांबते, याची मला सुरुवातीला गंमत वाटायची.

ही रेघ बघून पास-नापास ठरवायचे बाबा. ते तरुणपणी पुण्याहून बदली होऊन इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात आले आणि तपासणी खात्यातच निवृत्त झाले. मालकांनी हातापाया पडून त्यांना आमच्याकडे आणलं, आठवड्यातून तीन दिवस. त्यांच्या सहीला गोविंदपुऱ्यात वजन होतं. नोकरीत असताना एकदा वरचे साहेब म्हणाले होते, "करा हो सही, गाडी खोळंबलीय." बाबांनी पेन खिशाला लावलं आणि डबा खायला निघून गेले. आमच्या घरात सांगण्यासारखी इस्टेट म्हणाल तर ती एवढीच, त्यांची सही. ती खोट्या कागदावर कधी झाली नाही.

दारं बसवायचा एक जुना फिटर. वय सत्तावन्न. त्याचे वडील नागपूरच्या सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आलेले, हा जन्मला वाढला इथंच. त्यामुळे त्याच्या मराठीत हिंदी कुठं सुरू होते ते त्यालाही कळायचं नाही. मला ताई म्हणायचा, बाबांना साहेब. मी त्याला भाऊ म्हणायची. बाबांचा त्याच्यावर फार जीव. डब्यातली शेवटची पोळी त्याला द्यायचे, आणि मला ते अजिबात आवडायचं नाही.

तर झालं असं, की फाईलमध्ये लावायला मी प्रत्येक दाराचा फोटो काढायची. मार्च महिन्यात एका दाराचा फोटो काढताना मी थबकले. चौकटीची धार पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि रबरावरची रेघ माझ्या करंगळीएवढी जाड! मी जुने फोटो काढून बघितले. पहिल्या सहा दारांवर रेघ इतकी बारीक, की फोटोत जेमतेम दिसत होती. सातव्यापासून सगळ्या जाड. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"बाबा, रेघ जाड नाही वाटत?" मी जेवताना विचारलं.

"खडू जास्त लागला असेल," ते म्हणाले.

"एवढा?"

"अगं, तपासणी मी करतो की तू?" एकदम खेकसले. बाबा सहसा खेकसत नाहीत. मला वाटलं, लाडक्या फिटरवर बोट ठेवलेलं झोंबलं.

मग मी त्या माणसाच्या मागेच लागले. आणि बघायला लागलं की काय, सगळंच दिसायला लागतं. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. दार उघडलं की तो बाबांना लगेच हाक मारत नसे. आधी स्वतः दारामागं जायचा, पाच-दहा मिनिटं खुडबुड करायचा, मग "साहेब, या" म्हणायचा. मी जवळ गेले की हात मागं. मी मनात पक्कं केलं, हा तुटलेल्या रेघा हातानं भरतो. घाईघाईत दारं वाकडी बसवतो आणि माझ्या भोळ्या बापाकडून सही घेतो. उद्या समुद्रात पाणी आत आलं तर नाव कुणाचं? बाबांचं. माझी तर झोपच उडाली.

नऊ दारं तोवर रवाना झालेली. शेडमध्ये सहा उभी होती. मी ठरवलं, बोलायचं नाही, पकडायचं.

एका दुपारी पंधराव्या दाराच्या चौकटीला त्यानं खडू फासला आणि जेवायला गेला. शेड रिकामी. मी रुमाल ओला केला आणि खालच्या बाजूनं चार बोटं जागेवरचा खडू पुसून काढला. आता दार लावलं की तिथं रेघ उमटणारच नाही. चार बोटांची फट दिसायलाच हवी. दिसली तर तो सच्चा, नाही दिसली तर लबाड. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की डबा खायचंही विसरले.

जेवण झाल्यावर त्यानं दार लावलं, दांड्या आवळल्या, उघडलं. दारामागं गेला. मग बाबांना हाक मारली. बाबा टॉर्च घेऊन वाकले, चारी बाजूंनी फिरवली आणि म्हणाले, "छान. अखंड आहे. पास."

"थांबा!" मी ओरडलेच. मालक केबिनमधून बाहेर आले, वेल्डिंगवाल्यांनी हात थांबवले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी इथून इथपर्यंत खडू पुसला होता. मग ही रेघ आली कुठून? आकाशातून पडली?

फिटरनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे.

"बोला ना भाऊ! कुणी ओढली?"

"मी ओढली, ताई," तो म्हणाला.

"आजच, की आधीपण?"

"आधीपण."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते त्याला म्हणाले, "बारा वर्षं तुझ्याबरोबर जेवलो मी. चोर निघालास. माझ्यासमोर उभा राहू नकोस." फिटरनं खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला, सायकल घेतली आणि गेला. स्वतःच्या बचावाचा एक शब्द नाही. मला वाटलं, बोलणार काय, तोंड आहे कुठं?

मी तिथंच थांबले असते तरी निभावलं असतं. पण नाही! बाबांच्या सहीला डाग लागू नये म्हणून मी त्याच संध्याकाळी शिपयार्डला मेल पाठवला. आमच्या फिटरनं तपासणीच्या रेघा खोट्या ओढल्या, तपासनिसांना अंधारात ठेवलं, फिटरला काढून टाकलं आहे. मालकांनाही पटलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, की हा माणूस आमच्या कुठल्याही कामावर यापुढे नको. आणि आमच्याकडे तर आता सगळं काम त्यांचंच होतं.

आता शेडमधली सहा दारं पुन्हा तपासायला हवी होती. बाबा म्हणाले, मला बरं नाही. म्हणून मी स्वतः दुसऱ्या फिटरला घेऊन बसले. रबर धुतलं, धारेला खडू फासला, दार आवळलं, उघडलं. बारीक, नाजूक, अखंड रेघ. दुसरं दार, अखंड. तिसरं, चौथं, सहाही. कुठं केसाएवढी फट नाही. मी भिंग घेऊन बघितलं, पुन्हा सगळी दारं लावायला लावली. दुसऱ्या फिटरनं शेवटी हात जोडले, "दीदी, दरवाज़े बढ़िया हैं, अब तो जाने दो."

मी घरी आले ती चक्रावून. दार नीट असताना माणूस खोटी रेघ कशाला ओढेल? चोरानं स्वतःच्याच घरात चोरी करण्यातला प्रकार. दोन दिवस मला अन्न गोड लागेना. रविवारी सकाळी उठले आणि कोटऱ्यात त्याच्या घरी गेले. आमच्यापासून चालत दहा मिनिटं.

तो ओट्यावर बसून कूलरच्या जाळीत नवं गवत भरत होता. मला बघून उठला, खुर्ची आणली. राग नाही, काही नाही. त्यानंच मला जास्त टोचलं.

"भाऊ, दारं सगळी बरोबर आहेत," मी म्हणाले. "मग रेघ का ओढलीत? आज खरं ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

"जाऊ द्या ना ताई. झालं ते झालं."

"नाही जाऊ देणार."

त्यानं जाळी खाली ठेवली. "बारीक लाईन साहेबांना दिसत नाही ना, ताई."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला.

"दिवाळीपासून बघून राहिलो मी," तो म्हणाला. "ते सहावं दार होतं ना? खालच्या कोपऱ्यात वीतभर लाईनच नव्हती. साहेबांनी टॉर्च मारली आणि पास म्हणाले. मला वाटलं, मज़ाक करून राहिले. पण त्यांनी सही केली. मग सगळे गेल्यावर मी बिजागरी खोलली, बरोबर केली, परत खडू लावून पाहिला. लाईन आली तेव्हा घरी आलो. तेव्हापासून मीच आधी पाहतो. कुठं तुटली तर दुरुस्त करतो. एकदम ठीक झाली की वरून खडू फिरवतो. जाड केली की साहेबांना दिसते."

"आणि मी पुसलेली जागा?"

"धारेवर पाणी होतं, ताई. मी जेवून आलो तर ओलं दिसलं, आणि तुमच्या रुमालाला खडू होता. मी समजलो, तुम्हाला साहेबांचं कळलं. आता सगळ्यांसमोर त्यांची परीक्षा घेणार. साहेबांना ती फट दिसलीच नसती. म्हणून भरून टाकली."

बाई गं! मी त्याच्यासाठी सापळा लावला होता, आणि त्याला वाटलं तो माझ्या बापासाठी आहे. त्यात पाय घातला त्यानं, जाणूनबुजून.

"मग त्या वेळी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सगळ्यांसमोर सांगू की साहेबांना दिसत नाही?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी त्याला म्हणाले, भाऊ, हे चुकीचंच केलंत तुम्ही. तुमची नजर एखाद दिवशी चुकली असती तर? दोघांनी तपासायचं असतं ते एवढ्यासाठीच ना? तो मान हलवून म्हणाला, "हो, तेही खरंच आहे." मग मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही पुलिसमध्ये पाहिजे होत्या." मला हसू आलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कपावरून, पेपरवरून, स्कूटरवरून मी गावभर भांडत फिरले, आणि जेवायला रोज समोर बसणाऱ्या माणसाकडे एकदा धड बघितलं नाही.

घरी आले तर बाबा खुर्चीत बसले होते, चष्मा लावून, पेपर मांडीवर घेऊन. मी समोर बसले. म्हटलं, "बाबा, वरची बातमी वाचून दाखवा."

"चष्म्याचा नंबर जरा..."

"बाबा."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "डोळ्यांचा पडदा खराब झालाय. कडेचं सगळं दिसतं, मधलंच दिसत नाही. तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतात, तोंड दिसत नाही."

पेन्शनच्या कामाला जातो म्हणून ते गेले वर्षभर एकटेच डॉक्टरकडे जात होते. मला सांगितलं असतं तर मी काम सोडायला लावलं असतं, आणि काम सुटलं की मग उरलं काय, असं त्यांना वाटायचं. मी विचारलं, मग रेघ? रेघ कशी बघत होतात?

"रेघ दिसायची गं!" ते एकदम पुढं वाकले. "आधी दिसत नव्हती, अंदाजानं करायचो, कबूल करतो. पण मग दिसायला लागली. चांगली स्पष्ट. मला वाटलं, औषध लागू पडतंय."

आता हे त्यांना कसं सांगायचं? पण सांगितलं. सहावं दार, बिजागरी, वरून फिरवलेला खडू, ओला रुमाल, सगळं. ते ऐकत होते आणि माझ्या डोक्याच्या जरा बाजूला बघत होते. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी त्याला चोर म्हटलं." परत म्हणाले, "सगळ्यांसमोर म्हटलं."

मी मालकांना फोन लावला. ते मनानं वाईट नाहीत, पण धंदा आहे. म्हणाले, "दीदी, दरवाज़े सब सही हैं ना? तो बात ख़तम. उसको मैं कहीं और लगवा दूँगा. बाऊजी का नाम क्यों बीच में लाना?" मला, खरं सांगते, ते पटलं. हळूच पटलं. फिटरला दुसरीकडे काम मिळेल, बाबांचं नाव शाबूत राहील, कुणाला काही कळणार नाही. मी फोनवर हात ठेवून बाबांना ते सांगितलं.

बाबा म्हणाले, "त्याला शिपयार्डच्या कामावर घेणार नाहीत ते कुणाच्या मेलमुळं?"

"माझ्या."

"आणि माझ्या. कागद घे. शिपयार्डलाच लिहायचं."

टेबलाशी बसलो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. जहाजांच्या ज्या दारांवर तपासनीस म्हणून माझी सही आहे, ती सही मी मागे घेत आहे. सर्व दारं दुसऱ्या तपासनिसाकडून पुन्हा तपासून घ्यावीत. सहाव्या दारापासून फिटरनं प्रत्येक दार स्वतः तपासलं आणि लागेल तिथं दुरुस्त केलं होतं. त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार खोटी आहे.

सही मागे घेण्याच्या कारणाची जागा मी वर मोकळी सोडली होती. "बाबा, कारण म्हणून 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहू?"

"नको. मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं, असं लिही."

लिहिलं. पेनाचं टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पेन कागदावर नेलं, तिथंच थांबवलं आणि विचारलं, "कुठं?"

चाळीस वर्षं हा माणूस लोकांना सह्या कुठं करायच्या ते दाखवत आला होता. मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं, शेवटच्या ओळीच्या खाली. त्यांनी सही केली, नेहमीसारखी, एका झटक्यात.

सही शेवटच्या ओळीवर चढली. 'खोटी आहे' या शब्दांवरून गेली.

"नीट आली का गं?" त्यांनी विचारलं.

वाचता तर येत होतं. स्कॅन करून पाठवलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "ओळीवर चढलीय."

"मग दुसरा कागद घे," ते म्हणाले.